नवी आवृत्ती आली, चालू कॅम्पेनचं काय करायचं?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून, भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या २०२४च्या आवृत्तीची तिन्ही मुख्य पुस्तकं बाहेर पडली: प्लेअर्स हँडबुक १७ सप्टेंबर २०२४ला, डन्जन मास्टर्स गाईड १२ नोव्हेंबर २०२४ला आणि मॉन्स्टर मॅन्युअल १८ फेब्रुवारी २०२५ला. नियम आधीपेक्षा बरे की वाईट, हा वाद संपायचा नाही. या वेळी मात्र आम्ही टेबलावर प्रत्यक्ष अडलेले प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : आम्ही पाच जण दर रविवारी खेळतो. कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी गोष्ट) सहाव्या लेव्हलवर आहे आणि २०१४च्या पुस्तकांवर चाललंय. दोघांनी नवं हँडबुक घेतलं आणि आपापली कॅरेक्टर्स त्यावरून चालवायला लागले. ‘दोन्ही जुळतं’ म्हणून डीएमने (खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरने) होकार दिला, पण आता प्रत्येक लढाईत वाद होतो. — एक वाचक, कोथरूड

‘दोन्ही जुळतं’ हे अ‍ॅडव्हेंचरच्या बाबतीत खरं आहे. २०१४नंतर आलेली कुठलीही मोहीम नव्या नियमांवर फारशी खटपट न करता चालते. एकाच टेबलावर शेजारी बसलेल्या दोन खेळाडूंच्या बाबतीत मात्र ते खरं नाही, आणि तुमचे वाद तिथूनच येताहेत.

उदाहरण पॅलाडिन या धर्मयोद्ध्याचं घ्या. जुना पॅलाडिन वार लागल्यावर स्मायट (जास्तीचं डॅमेज देणारी ताकद) जोडतो, त्याला वेगळी अ‍ॅक्शन लागत नाही आणि एका टर्नमध्ये दोन वार लागले तर दोनदा जोडता येतो. नव्या पॅलाडिनचा स्मायट हा स्पेल आहे, त्याला बोनस अ‍ॅक्शन जाते, ती टर्नला एकच असते, म्हणून टर्नला एकदाच. बरं करणारा स्पेल क्युअर वून्ड्स जुन्या पुस्तकात एक डी-८ (आठ बाजूंचा फासा) आणि मॉडिफायर (क्षमतेचा अधिक आकडा), नव्यात दोन डी-८ आणि मॉडिफायर. दुसऱ्याचा स्पेल अडवणाऱ्या जुन्या काउंटरस्पेलमध्ये समोरच्याचा स्लॉट (स्पेल टाकायचा मोजका कोटा) वाया जातो, नव्यात तो कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (बचावाचा फासा) टाकतो आणि स्पेल फसला तरी स्लॉट वाचतो. शेजारी शेजारी बसून हे खेळलं की कुणाला तरी फसवणूक वाटणारच.

सगळ्यात घातक मिश्रण म्हणजे जुनी ग्रेट वेपन मास्टर ही फीट (कॅरेक्टरने निवडलेली खास क्षमता) आणि नवी वेपन मास्टरी (शस्त्रागणिक मिळणारा जास्तीचा परिणाम). जुन्या फीटमध्ये नेमावर उणे पाच घेऊन डॅमेज दहाने वाढवता येतं. ते उणे पाच हीच त्याची किंमत होती. नव्या टॉपल या मास्टरीने शत्रू आडवा पडला की जवळून मारणाऱ्याला अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा) मिळतो आणि ती किंमत जवळजवळ फिटते. नव्या पुस्तकात ती उणे पाच–अधिक दहाची सोय काढून त्याजागी लेव्हलनुसार वाढणाऱ्या प्रोफिशिअन्सी बोनसइतकंच डॅमेज दिलंय, ते यासाठीच. शार्पशूटर या नेमबाजीच्या फीटमधूनही ती सोय गेली आहे. एकाच कॅरेक्टरवर जुनी फीट आणि नवी मास्टरी एकत्र राहू देऊ नका.

मग करायचं काय? कॅम्पेनची सात-आठ सेशन्स उरली असतील तर जुन्यावरच संपवा. नव्या पुस्तकावाल्या दोघांनीही जुन्यावर यावं, आणि नवं पुस्तक पुढच्या कॅम्पेनसाठी ठेवावं. त्याहून जास्त खेळ शिल्लक असेल तर सगळ्यांनी एकाच दिवशी बदला, आणि तो दिवस गावात परतल्यावरचा असू दे, तळघराच्या मधला नको. एका कॅरेक्टरला पाऊण तास धरा. स्पेल टाकणाऱ्यांना जास्त लागतो.

बदलताना क्रम असा ठेवा. आधी क्लास (फायटर, विझर्ड असा पेशा) नव्या पुस्तकातून नव्याने मांडा, जुन्या कागदावर खाडाखोड करू नका. जुनी सबक्लास (क्लासची उपशाखा) ठेवायची असेल तर चालते, पण नव्या नियमांत सगळ्या सबक्लास तिसऱ्या लेव्हलला सुरू होतात, म्हणून जुन्या पुस्तकात पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला मिळणाऱ्या गोष्टी तिसऱ्याला धरायच्या. सहाव्या लेव्हलवर त्याने काही बिघडत नाही. मग वंश आणि पार्श्वभूमी. जुन्या वंशातून मिळणारी अ‍ॅबिलिटीची वाढ पुसून टाका. आता ती पार्श्वभूमीतून येते. पार्श्वभूमी जुनी असेल तर एका अ‍ॅबिलिटीला अधिक दोन आणि दुसरीला अधिक एक, किंवा तिघींना अधिक एक, असं स्वतः वाटा आणि एक ओरिजिन फीट निवडा. ही वाढ दोनदा मोजली जाणं ही सर्रास होणारी चूक आहे. चौथ्या लेव्हलच्या कॅरेक्टरची मुख्य अ‍ॅबिलिटी २० दिसली की आधी हाच हिशोब तपासा. शेवटी स्पेल. दोन्ही पुस्तकांत एकाच नावाचा स्पेल असेल तर नवाच मजकूर धरायचा. कॉन्ज्युअर अ‍ॅनिमल्ससाठी हे फार महत्त्वाचं आहे. जुन्यात आठ-आठ प्राणी टेबलावर उतरायचे, नव्यात एकच आत्म्यांचा कळप आहे.

याखेरीज सगळ्यांवर लागू होणारे चार बदल एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलाच्या मध्ये ठेवा. पोशन पिणं आता बोनस अ‍ॅक्शन. थकव्याच्या प्रत्येक पायरीला डी-२०च्या प्रत्येक चाचणीवर उणे दोन आणि वेगातून पाच फूट वजा, सहाव्या पायरीला मृत्यू. बेसावध सापडलेल्याचा टर्न जात नाही, त्याला इनिशिएटिव्हवर (कुणाचा टर्न आधी, ते ठरवणाऱ्या फाशावर) डिसॲडव्हान्टेज मिळतो. आणि ग्रॅपलमध्ये (शत्रूला पकडताना) दोघांनी फासे टाकायचे नाहीत, पकडला जाणारा सेव्ह टाकतो. किमान तीन सेशन्स जशीच्या तशी खेळा. घरचे नियम त्यानंतर.

प्रश्न : दर नव्या आवृत्तीला इतकं भांडण का होतं? नियम तर घरी बसून बदलता येतात. — एक विद्यार्थिनी, फर्ग्युसन रस्ता

नियम बदलता येतात, पण सोबतचा ग्रुप बदलता येत नाही, म्हणून. पाचांपैकी दोघे नव्यावर गेले तर उरलेल्या तिघांची पुस्तकं शाबूत राहतात आणि खेळ मात्र मोडतो. आवृत्त्यांचा इतिहास पाहिला तर स्वागत कसं होणार हे तीन गोष्टींवर ठरलेलं दिसतं: आधीचं पुस्तक किती वर्षं चाललं, जुनी मोहीम नव्यावर चालते का, आणि दुसऱ्या प्रकाशकांना त्यावर लिहायची मुभा आहे का.

तिसरी आवृत्ती २००० साली आली तेव्हा दुसरीला अकरा वर्षं झाली होती. आकडेमोड पार बदलली, तरी लोकांनी ती उचलली, कारण सोबत जुनी कॅरेक्टर्स बदलण्याची पुस्तिका होती आणि ओपन गेम लायसन्समुळे कुणालाही त्या नियमांवर पुस्तक काढता येत होतं. साडेतिसरी (३.५) २००३मध्येच आली. बदल बरेचसे चांगले होते, विशेषतः रेंजरचे, पण तीन वर्षांत तीच पुस्तकं पुन्हा घ्यायची हे लोकांना रुचलं नाही.

चौथीचं (२००८) आम्हाला आजही वाईट वाटतं. लढाईची रचना म्हणून ती फार विचारपूर्वक केलेली आवृत्ती होती. पण तिन्ही गोष्टी एकदम उलट गेल्या. जुन्या मोहिमा चालेनात, लायसन्स बरंच आवळलं गेलं, आणि साडेतिसरीला पाचच वर्षं झाली होती. सगळ्या क्लासना अ‍ॅट-विल, एन्काउंटर आणि डेली (कितीही वेळा, लढाईत एकदा, दिवसातून एकदा) असा एकाच साच्यातला ताकदींचा संच मिळाल्याने फायटर आणि विझर्ड कागदावर सारखे दिसू लागले. भरीला पहिल्या मॉन्स्टर मॅन्युअलमधल्या एकट्या मोठ्या राक्षसांचे हिट पॉइंट (किती मार सोसतो तो आकडा) भरमसाट आणि डॅमेज कमी होतं. लढाई तास-दीड तास रेंगाळायची आणि निकाल निम्म्यातच कळलेला असायचा. २०१०च्या तिसऱ्या मॉन्स्टर मॅन्युअलपर्यंत हे गणित सुधारलं, पण तोवर पैझो या दुसऱ्या प्रकाशकाचं पाथफाइंडर (२००९) साडेतिसरीच्या लोकांना घेऊन पुढे गेलं होतं. चौथी खेळायची असेल तर जुन्या पुस्तकातल्या राक्षसांचे हिट पॉइंट निम्मे करा आणि डॅमेज दीडपट. ती खरंच खेळण्यासारखी आहे. हिट पॉइंट निम्म्यावर आल्यावरची ‘ब्लडीड’ ही अवस्था तिचीच, आणि २०२४च्या नियमांत ती परत आली आहे.

पाचवी (२०१४) येण्याआधी दोन वर्षं तिची उघड चाचणी झाली, आणि मूळ नियम फुकट मिळाले. तिचं स्वागत शांत झालं. मग जानेवारी २०२३मध्ये लायसन्स बदलण्याचा मसुदा बाहेर फुटला आणि प्रचंड विरोध झाला. महिनाअखेरीस खेळाच्या प्रकाशक कंपनीने माघार घेतली आणि पाचवीच्या नियमांचा संदर्भ-दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला केला. २०२४च्या आवृत्तीकडे लोक संशयाने पाहतात त्यात या प्रकरणाचा वाटा नियमांइतकाच आहे. नियम वाचताना तो राग बाजूला ठेवता आला तर ठेवा.

प्रश्न : भोसरीला गुरुवारी कारखान्याला सुट्टी, म्हणून आमचा खेळ गुरुवारी. मी जुन्या तक्त्यावरून लढाया आखतो. नव्या कॅरेक्टर्ससमोर ‘हार्ड’ लढाईसुद्धा तीन राउंडमध्ये संपते. — एक डीएम, भोसरी

तक्ता बदला. २०१४च्या पद्धतीत राक्षसांची संख्या वाढली की त्यांच्या एकूण एक्सपीला (अनुभवाच्या गुणांना) गुणक लागायचा: दोघांना दीडपट, तीन ते सहांना दुप्पट. २०२४मध्ये गुणकच नाही. दर खेळाडूमागे एक्सपीचा ठरलेला खर्च आहे, लो, मॉडरेट किंवा हाय, आणि तेवढ्यात राक्षस बसवायचे.

तिसऱ्या लेव्हलचे चार खेळाडू धरा. नव्या तक्त्यात माणशी १५०, २२५ आणि ४००, म्हणजे एकूण ६००, ९०० आणि १६००. एक ओगर ४५० एक्सपीचा. दोन ओगर म्हणजे ९००, नेमकी मॉडरेट लढाई. जुन्या पद्धतीत याच दोघांचे दीडपटीने १३५० होतात आणि लढाई ‘हार्ड’च्या वर, ‘डेडली’च्या जवळ दिसते. नवी कॅरेक्टर्स पहिल्या लेव्हलपासून एक फीट जास्त घेऊन येतात, मास्टरी वापरतात आणि बरं करणारे स्पेल जवळपास दुप्पट फासे टाकतात. म्हणून जुन्या मोहिमेतली प्रत्येक लढाई एक पायरी वर न्या.

वर नेताना हिट पॉइंट वाढवू नका. त्याने लढाई अवघड होत नाही, नुसती लांबते. त्याऐवजी एक राक्षस वाढवा किंवा दुसऱ्या राउंडला कुमक आणा. फक्त गुणक नाही म्हणून ९०० एक्सपीमध्ये ५०चे अठरा गॉब्लिन उतरवू नका. गणितात बसतात, पण टेबलावर चौघांचा फडशा पाडतात. माणशी दोनपेक्षा जास्त राक्षस असतील तर ते एका-दोन वारांत पडणारे असावेत, असं खुद्द गाईडच सांगतं.

प्रश्न : वेपन मास्टरी आल्यापासून फायटरचा टर्न संपतच नाही. बंदी घालू का? — एक डीएम, विमाननगर

बंदी नको. मास्टरीमुळे फायटरला प्रत्येक टर्नला निवड करायला मिळते, आणि हीच या आवृत्तीतली आमच्या मते सगळ्यात चांगली गोष्ट आहे. वेळ कुठे जातो ते पाहा.

पहिली जागा टॉपल. प्रत्येक वाराला सेव्ह येतो. फायटरने आपला डीसी (शत्रूने सेव्हमध्ये गाठायचा आकडा; ८, अ‍ॅबिलिटी मॉडिफायर आणि प्रोफिशिअन्सी यांची बेरीज) एकदाच कार्डावर लिहून तुमच्यासमोर ठेवावा, आणि तुम्ही प्रत्येक शत्रूचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह इनिशिएटिव्हच्या यादीत नावासमोर लिहावा. शत्रू पडला की टोकन आडवं करा. आधीच पडलेल्यासाठी पुन्हा सेव्ह टाकला जातो, त्यातच निम्मा वेळ जातो.

दुसरी जागा शस्त्रं बदलणं. अ‍ॅटॅक अ‍ॅक्शनमधल्या प्रत्येक वारासोबत एक शस्त्र काढता किंवा ठेवता येतं, म्हणून खेळाडू चार हत्यारं पाठीवर घेऊन दर वाराला नवी मास्टरी शोधत बसतो. लढाईच्या सुरुवातीला दोन शस्त्रं जाहीर करायची, बाकी त्या लढाईपुरती बंद, एवढा घरचा नियम पुरतो.

तिसरी जागा निक ही मास्टरी, आणि इथे चूक जवळजवळ सगळीकडे होते. निकमुळे एक वार वाढत नाही. हलक्या दुसऱ्या शस्त्राचा जो जास्तीचा वार बोनस अ‍ॅक्शनने व्हायचा तोच अ‍ॅटॅक अ‍ॅक्शनमध्ये होतो आणि बोनस अ‍ॅक्शन मोकळी राहते. तिसरा वार हवा असेल तर ड्युअल वील्डर फीट लागते. क्लीव्ह (शेजारच्या शत्रूवर दुसरा वार) टर्नला एकदाच, आणि त्याच्या दुसऱ्या वाराच्या डॅमेजमध्ये अ‍ॅबिलिटी मॉडिफायर धरत नाहीत. स्लो ही मास्टरी कितीही वेळा लागली तरी वेग दहाच फुटांनी कमी होतो.

प्रश्न : मामाकडून दुसऱ्या आवृत्तीची अ‍ॅडव्हेंचर्स मिळाली आहेत. आर्मर क्लास उलटा आहे आणि थॅको नावाचं काहीतरी आहे. पाचवीवर चालवता येतील? — एक वाचक, सदाशिव पेठ

चालवता येतील, पण आकडे बदलत बसू नका. सूत्र सोपं आहे. २० मधून जुना आर्मर क्लास (समोरच्याला वार लागणं किती अवघड, तो आकडा) वजा केला की नवा मिळतो: ४ म्हणजे १६, उणे १ म्हणजे २१. थॅको, म्हणजे आर्मर क्लास शून्य असलेल्याला वार लागायला फाशावर हवा तो आकडा, तोसुद्धा २० मधून वजा करा: १७ म्हणजे अधिक ३. तिसऱ्या आवृत्तीसाठी हे चालतं. पाचवीत आकडे मुद्दाम आटोपशीर ठेवले आहेत. पाचव्या लेव्हलच्या खेळाडूचा नेम साधारण अधिक ७ असतो, तो २२च्या आर्मर क्लाससमोर १५ किंवा वर पडल्याशिवाय लागत नाही, आणि सगळा गट चिडतो. म्हणून नकाशे, खोल्या, सापळे आणि माणसं जुनी ठेवा, राक्षस मात्र त्याच नावाचा तुमच्या पुस्तकातून घ्या. खजिन्यातली अधिक एक, अधिक दोनची शस्त्रं निम्म्याहून कमी करा. जुन्या मोहिमांत ती हातात सहज पडतात, पाचवीच्या गणितात त्यांची गरजच धरलेली नाही.

प्रश्न : इमारतीतल्या आठवी-नववीच्या मुलांसाठी नियम मराठीत करून छापायचे आहेत. कायद्याने चालेल का? — एक वाचक, औंध

हो. हे कराच. हँडबुकचा अनुवाद किंवा झेरॉक्स चालणार नाही, पण सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट, म्हणजे वर सांगितलेला संदर्भ-दस्तऐवज, चालतो. २०१४च्या नियमांचा ५.१ आणि २०२४च्या नियमांचा ५.२ (एप्रिल २०२५) हे दोन्ही क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्युशन ४.० खाली खुले आहेत. अनुवाद, बदल, छपाई, विक्री सगळ्याला परवानगी आहे. अट एकच, दस्तऐवजात दिलेली श्रेयाची ओळ तशीच छापायची, आणि आपण अनुवाद व बदल केल्याचं नमूद करायचं. ५.२मध्ये सगळ्या १२ क्लास आहेत, पण प्रत्येकीची एकच सबक्लास, आणि हँडबुकातल्या १६ पार्श्वभूमींपैकी चारच. नवख्या मुलांना तेवढं पुष्कळ होतं.

सगळं छापू नका. दस्तऐवज साडेतीनशेहून अधिक पानांचा आहे, पाठपोट छापला तरी एकशेऐंशीच्या आसपास कागद, आणि एका स्पायरलमध्ये तो नीट उघडत नाही. खेळण्याची पद्धत, फायटर, रोग (चोरटा), क्लेरिक आणि विझर्ड पहिल्या तीन लेव्हलपर्यंत, पहिल्या दोन लेव्हलचे स्पेल आणि शस्त्रांचा तक्ता एवढं निवडलं तर आटोपशीर पुस्तिका होते. स्पेल तेवढे वेगळ्या कागदावर घ्या, म्हणजे ज्याचे त्याला देता येतात. ७० जीएसएमवर मागची अक्षरं दिसतात, ८० घ्या. अप्पा बळवंत चौकात बाइंडिंगसकट हे काम एका फेरीत होतं. सोबत लढाईचा नकाशा छापणार असाल तर दुकानदाराला ‘अ‍ॅक्च्युअल साइझ, शंभर टक्के’ असं बजावून सांगा. ‘फिट टू पेज’ राहिलं तर एक इंचाचा चौकोन लहान होतो आणि इंचाच्या तळाची टोकनं एकमेकांवर चढतात. ए-३ कागदावर १६ गुणिले ११ चौकोन बसतात. लॅमिनेशन मॅट करा, ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते.

प्रश्न : कॅरेक्टर्स डी अँड डी बियाँड या अधिकृत वेबसाइटवर आहेत. नवी आवृत्ती आल्यावर ती आपोआप बदलतील का? — एक वाचक, बाणेर

ऑगस्ट २०२४मध्ये जुने स्पेल आणि जादुई वस्तू नव्या मजकुराने बदलल्या जातील असं जाहीर झालं होतं. विरोध झाल्यावर काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला गेला, आणि जुना मजकूर राहिला. तरीही प्रत्येक लेव्हलनंतर कॅरेक्टर शीटची पीडीएफ उतरवून ठेवा. स्पेलचा पूर्ण मजकूर शीटवर येतोच असं नाही, वारंवार लागणारे आठ-दहा स्पेल हाताने कार्डांवर लिहा.

प्रश्न : आमच्याकडे कॉल ऑफ क्थुलू या भयकथांच्या खेळाची सहावी आवृत्ती आहे. सातवी घेतली तर जुनी प्रकरणं वाया जातील का? — एक वाचक, निगडी

अजिबात नाही. २०१४ची सातवी आवृत्ती जुन्या साहित्याशी उत्तम जुळते. वैशिष्ट्यांना पाचने गुणा: स्ट्रेन्थ १३ असेल तर ६५. शेजारी निम्मा आणि एक-पंचमांश आकडा लिहा, ३२ आणि १३, कारण अवघड आणि अतिअवघड चाचण्या त्यांवर होतात. स्किलची टक्केवारी तशीच ठेवा, तिचेही निम्मे आणि पंचमांश काढा. शिक्षणाचा आकडा ९९च्या वर जाऊ देऊ नका. जुन्या प्रकरणात रेझिस्टन्स टेबल (दोन आकडे एकमेकांशी ताडायचा तक्ता) वापरायला सांगितलं असेल तिथे दोघांनी आपापली चाचणी टाकायची आणि जास्त चांगल्या पातळीचं यश ज्याचं तो जिंकला. वेग नव्याने काढावा लागतो: स्ट्रेन्थ आणि डेक्स्टेरिटी दोन्ही साइझपेक्षा कमी असतील तर ७, दोन्ही जास्त असतील तर ९, एरवी ८.